दिवसा कुठे ठेवायचं

हिलालअण्णा रोज सकाळी डबा मागत आणि मिलकडे निघत. मिलची नोकरी कधीच संपली होती, पण ते त्यांना सांगून उपयोग नव्हता. एकदा उधना स्टेशनाजवळचे रूळ ओलांडताना लोकांनी त्यांना गाडीसमोरून ओढून काढलं. कुलूप लावून पाहिलं, तर त्यांनी दारावर डोकं आपटून घेतलं. मुलगी अरुणा सोडली तर घरात दुसरं कोणी नव्हतं. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिच्याच पगारावर घर चालायचं.

"अण्णा हरवले तर पोलिसांत नको जाऊ," शेजारच्या पुष्पाबाई म्हणायच्या. "मिलच्या फाटकावर बघ. तुझ्या शाळेतल्या मास्तरांपेक्षा वेळेवर हजर असतात."

पुढच्या पंचवार्षिक योजनेसाठी लोकांच्या गरजा ऐकायला एक गुजराती सरकारी डॉक्टर दवाखान्यात आले, तेव्हा अरुणा त्यांना भेटली.

"अशा माणसांना दिवसभर सांभाळणारी एखादी जागा हवी, डॉक्टरसाहेब."

"बेन, म्हातारपण हा काही रोग नाही. माणूस विसरतोच."

"अण्णांच्या वयाचे बाकीचे नाही विसरले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? योजनेत देवी आहे, हिवताप आहे, बाळंतपण आहे. आपल्याकडे म्हातारे असे किती?"

"देवीतून वाचलेली मुलं पुढे म्हातारी होतीलच की."

"होतील," ते हळूच म्हणाले. "तेव्हाची योजना तेव्हाचे लोक करतील. आज मी फक्त वेड्यांच्या इस्पितळाची चिठ्ठी देऊ शकतो."

अरुणा चिठ्ठी न घेता उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, अण्णांचा पाय खाटेला बांधला आणि शाळेत गेली. मधल्या सुट्टीत धावत घरी आली. ओढून ओढून पट्टी मधोमध तुटली होती. अण्णा मात्र खाटेवरच बसले होते. तुटलेली दोन्ही टोकं त्यांनी जुळवली होती आणि मागावर तुटलेल्या धाग्याला मारतात तशी बारीक, चपटी गाठ मारली होती. वरचे दोरे दातांनी तोडून साफ केले होते. पाय पुन्हा खाटेला बांधलेला.

"धागा तुटी गया व्हता," ते म्हणाले. "मी जोडी टाका. जॉबरले सांगू नको." जॉबर म्हणजे मिलमधला मुकादम.

अरुणानं ती गाठ नखांनी सोडवून पाहिली. सुटेना. पट्टी कापायला ती विळी घेऊन आली, तर अण्णांनी घाबरून गाठीवर हात ठेवला.

शाळा भरायची वेळ झाली होती. तिनं त्यांना पाणी पाजलं, विळी जागेवर ठेवली आणि दार ओढून घेतलं.