सकाळचा पिवळा डाग

उलटी येण्याआधी बुंदीच्या पोटातून एक आवाज येतो. कोरडा हापसा मारावा तसा, खोलवरून, दोन-तीनदा.

तो आवाज ऐकला की मी अंथरुणात ताठ होतो. उठायला हवं हे कळतं, पण उठवत नाही. वाटतं, आपण हललो नाही तर कदाचित होणारही नाही. मग फरशीवर काहीतरी ओलं पडल्याचा आवाज येतो आणि मी दिवा लावतो. पिवळा, फेसाळ डाग असतो. त्याच्या शेजारी बुंदी मान खाली घालून उभी असते, जणू तिच्याच हातून काही सांडलंय.

"काही नाही गं, काही नाही," मी म्हणतो. ते तिला म्हणतो की स्वतःला, मला सांगता यायचं नाही.

बुंदी म्हणजे आमची पामेरियन कुत्री. माझ्या बायकोने, रत्नमालाने, तिला आणली तेव्हा ती ओंजळीत मावत होती आणि रंग अगदी बुंदीच्या लाडवाचा होता. आता ती म्हातारी आहे. रंग उडालाय, एका डोळ्यात ढग आलाय, जिना चढताना मधल्या पायरीवर बसून घेते. रत्नमाला जाऊन दुसरं वर्ष सरत आलं. मुलगी मेघा पुण्यात असते. मुकुंदवाडीतल्या या दोन खोल्यांमध्ये आता मी, माझी पुस्तकं आणि बुंदी.

खरं तर बुंदी माझी नव्हतीच. ती रत्नमालाची. मी नुसता घरात असणारा माणूस. रत्नमाला गेल्यावर बुंदीने कित्येक दिवस दाराकडे तोंड करून काढले. मग एका दुपारी आली आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकवून झोपली. कॉलेजच्या ग्रंथालयात मला कायम केल्याची ऑर्डर मिळाली होती, तेव्हाही मी इतका हललो नव्हतो. पाय बधिर झाला तरी मी तो काढला नाही.

पहिली उलटी उन्हाळ्यात झाली. मी मनावर घेतलं नाही. महिन्याभराने पुन्हा झाली, मग लवकर लवकर व्हायला लागली. कधी नुसतं पिवळं पाणी, कधी पोटात गुडगुड आणि दिवसभर तोंड फिरवून बसणं, कधी पातळ शी. दुसऱ्या दिवशी ती ठणठणीत असायची, शेपटी वर, भाकरीच्या वासाने नाचणारी. मला वाटायचं, गेलं. आणि चार दिवसांनी पहाटे पुन्हा हापसा.

अशा वेळी शहाणा माणूस डॉक्टरकडे जातो. मी वाचायला बसलो. आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. मोबाइलवर वाचलं, जुन्या ओळखीने पशुवैद्यकाचं एक जाडजूड पुस्तक आणून वाचलं. म्हाताऱ्या कुत्र्याला वारंवार उलट्या होण्याची कारणं त्यात ओळीने दिली होती. वरची दहा मी वाचली की नाही आठवत नाही. शेवटचं कारण गाठ हे होतं, तेवढं मात्र डोळ्यांपुढून हलेना. रत्नमालाचंही पोटातच निघालं होतं. तिलाही आधी नुसतं "खाल्लेलं पचत नाही" असंच व्हायचं.

म्हणून मी डॉक्टरकडे गेलो नाही. जोवर कुणी तो शब्द बोलत नाही तोवर तो खरा नाही, असं काहीतरी माझं चाललं होतं.

मला जे करता येत होतं ते मी केलं. आमच्याकडे रत्नमाला दर पौर्णिमेला उपोसथ धरायची. पांढरी साडी, सकाळी विहारात वंदना, अष्टशील म्हणजे दिवसभराच्या आठ नियमांची शपथ, आणि दुपारी बाराच्या आत एकदा जेवण. त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत फक्त पाणी. बारा वाजले की ती गॅसची टाकी बंद करायची, भांडी पालथी घालायची. बुंदीची स्टीलची वाटीसुद्धा पालथी. "आज बुंदीबाईंचाही उपोसथ," असं म्हणायची आणि मी पुस्तकातून मान वर न काढता हसायचो. ती गेल्यावर तिच्यासाठी म्हणून मी पौर्णिमा धरायला लागलो. सगळं तिच्यासारखंच. गॅस बंद, भांडी पालथी, वाटी पालथी.

बुंदीचं पोट बिघडायला लागल्यावर मी अष्टमीही धरली. मग अमावास्या. मग वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, सुरू झाला आणि विहारात ग्रंथवाचन सुरू झालं, तेव्हा मी एक दिवसाआड धरायला लागलो. पारूबाई, आमच्या शेजारीण, विहारात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दाजी तर आता भिक्खूचं चीवरच घालतेत वाटतं." बायका हसल्या. मी खाली बघितलं. त्यांना काय सांगणार? आमच्यात नवस नसतो. बाबासाहेबांच्या वाटेने आलेली आम्ही माणसं, कुणाशी सौदा करत नाही. पण माझ्या पोटात सौदाच चालला होता. मी उपाशी राहतो, हिला माझ्यापाशी राहू दे. हे कुणाला कळलं असतं तर मला पुन्हा विहाराची पायरी चढू दिली नसती.

शिवाय पुस्तकात लिहिलं होतं की पोट बिघडलं की त्याला विश्रांती द्यावी. म्हणजे माझं सगळं बरोबरच चाललं होतं. तरी दर दोन दिवसांनी पिवळा डाग.

श्रावण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुंदी उलटी करून उभी राहिली आणि तिचे मागचे पाय घसरले. तिने उठायचा प्रयत्न केला, पुन्हा घसरले. मी उचललं तर ती थरथरत होती आणि मान माझ्या हातावर नुसती ठेवल्यासारखी पडली. मी तसाच, बनियनवर, पारूबाईंचं दार वाजवलं.

"पारूबाई, बघा हो हिला. गेली का ही?"

"गेली असती तर डोळं मिटलं असतं का नाय? बघतीय ना टकाटका." त्यांनी तिच्या नाकाला बोट लावलं. "दाजी, तुम्ही आधी शर्ट घाला. मग दवाखान्यात जा. लई दिवस झालं सांगतीय."

"डॉक्टरने काही वेगळंच सांगितलं तर?"

"मग सांगू द्या. रत्नाच्या वेळी पण तुम्ही असंच केलं. रिपोर्टचं पाकीट दोन दिवस पिशवीतच."

मी बुंदीची मान सावरून धरली. त्यांना वाटलं असावं की जास्त बोललं गेलं. आत जाऊन त्यांनी जुना टॉवेल आणला आणि बुंदीला त्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं. "व्हा पुढं. रिक्षा थांबवते मी."

सिडकोतल्या त्या दवाखान्यात बाकावर आधीच माणसं होती. माझ्याशेजारी एक धिप्पाड गृहस्थ, त्यांच्या पायाशी त्यांच्याच वजनाचा लॅब्रॉडॉर.

"काका, टॉवेलात काय हाय? कुत्रं का लोकरीची टोपी?"

"कुत्री आहे," मी म्हणालो.

"आमच्या टायगरनं पाहिली तर नाश्ता समजंल." ते मोठ्याने हसले. मग टॉवेल जरा बाजूला सरकला आणि त्यांना बुंदीची मान दिसली. त्यांचं हसू थांबलं. "अरारा. काय झालंय हिला?"

"पोट."

"तुमचा नंबर कवा?"

"तुमच्यानंतर."

"मग उठा. जा आत. टायगरला नुसती सुई टोचायचीय, तो काय मरत नाय." आणि जीभ चावून म्हणाले, "म्हणजे, तसं नाय म्हणायचं मला. जा, जा. साहेबराव बसलाय म्हणावं बाहेर, त्याला घाई नाय."

मी आत जायला निघालो, पण दाराशीच थांबलो. त्यांनी मागून पाठीवर हात ठेवून मला जवळजवळ ढकललंच.

डॉक्टर तरुण होत्या. दारावर डॉ. प्रेरणा असं नाव होतं. त्यांनी बुंदीच्या हिरड्या दाबून पाहिल्या, चिमटीत कातडी धरून सोडली, रक्ताचा थेंब घेऊन यंत्राला लावला आणि पटकन तिच्या ओठाच्या आत काहीतरी गोड चोळलं. "साखर उतरलीय. सलाइन लावू." मग दोन्ही हातांनी पोट चाचपायला लागल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. बोटं एका जागी थांबली की माझा श्वास थांबायचा. ती पुढे सरकली की सुटायचा. मी घरून एक प्रश्न घेऊन आलो होतो: गाठ आहे का? तो मी विचारलाच नाही.

"खायला काय देता, काका?"

हे मला येत होतं. मी भरभर सांगितलं. ज्वारीची भाकरी कुस्करून, मऊ भात, थोडं वरण, रविवारी उकडलेलं अंडं. तिखट नाही, तेलकट नाही, हाड नाही, बाहेरचं नाही.

"छान. आणि शेवटचं खाणं किती वाजता?"

"रोज रात्री आठला. उपोसथ असला की दुपारी बाराच्या आत."

"उपोसथ म्हणजे? आमच्याकडे आजी एकादशी धरते, तसं?"

"तसंच नाही. पण उपवासच. दुपारनंतर घरात शिजत नाही."

"तुम्ही खात नाही, ते कळलं. पण हिला?"

 मला प्रश्नच समजला नाही. खरंच समजला नाही. "घरात शिजतच नाही ना," मी पुन्हा म्हणालो. "वाटी पालथी असते."

"म्हणजे दुपारी बारापासून दुसऱ्या सकाळपर्यंत पोट रिकामं. असं कधी कधी होतं?"

"आधी पौर्णिमेलाच. आता… एक दिवसाआड."

"आणि उलटी?"

 मला तोंड उघडायच्या आधीच दिसलं होतं. अष्टमीनंतरची सकाळ, अमावास्येनंतरची सकाळ, आणि वर्षावासातल्या या एक दिवसाआडच्या सगळ्या सकाळी. उलटी होईल या भीतीने मी उपोसथ वाढवत होतो आणि प्रत्येक उपोसथाच्या मागोमाग उलटी येत होती.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "इतक्या लहान जिवाचं पोट रात्रभर रिकामं राहिलं की पित्त वर चढतं, काका. वय झाल्यावर तर जास्तच. पण एवढंच आहे असं मी आत्ता म्हणणार नाही. सोनोग्राफी करू, रक्त तपासू. मग बोलू."

बाहेरच्या बाकावर मी किती वेळ बसलो कोण जाणे. टायगरची सुई केव्हाच टोचून झाली होती, तरी साहेबराव गेले नव्हते. शेजारी बसून राहिले. टायगरने माझ्या चपलेवर लाळ गाळली. रत्नमालाच्या वेळचा बाक मला आठवत होता. तोही असाच भिंतीला टेकवलेला होता.

आतून हाक आली. डॉक्टर उभ्या होत्या आणि मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो. आयुष्यभर अक्षरं वाचली, चेहरा मला कधी वाचता आला नाही.

"पोटात गाठ नाही," त्या म्हणाल्या. "जठराला सूज आहे. किडन्या थोड्या थकल्यात, ते वयाने. औषध देते. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा खायला घाला आणि शेवटचं झोपायच्या अगदी आधी. पाय घसरले, थरथरली, रक्त दिसलं तर लगेच आणायचं. वाचत बसायचं नाही."

शेवटचं वाक्य त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

संध्याकाळी पारूबाई आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, वाटीचंही. मला वाटलं होतं हसतील. त्या बुंदीच्या अंगावरून हात फिरवत राहिल्या.

"पण रत्ना देत होती की तिला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पौर्णिमेला रात्री. सकाळचीच भाकरी मोडून डब्यात ठेवायची. तुमची पथारी पडली की मागच्या पायरीवर बसून हिला भरवायची. मी दोरीवरचे कपडे काढायला आले की दिसायची ना मला. मी म्हटलं एकदा, अगं, उपोसथ मोडला की कुत्रीचा. तर म्हणाली, शील मी घेतलंय, तिनं कुठं घेतलंय?"

"पण ती तर म्हणायची, बुंदीचाही उपोसथ…"

"गंमत करायची दाजी ती! तुम्हाला हसवायला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुम्ही पुस्तकातून वर बघावं म्हणून."

त्या गेल्यावर मी बराच वेळ मागच्या पायरीवर बसून होतो. आमच्याच घराची पायरी. तिथे दर पौर्णिमेला काय व्हायचं, मला माहीत नव्हतं.

अष्टमी, अमावास्या आणि दिवसाआडचं मी सोडून दिलं. सोडताना फार भ्यालो. कळलं होतं, तरी भ्यालो. फक्त पौर्णिमा ठेवली, कारण ती रत्नमालाची होती.

भाद्रपद पौर्णिमेला मी शील घेतलं, बाराच्या आत जेवलो. संध्याकाळी, या घरात पौर्णिमेला कधी झालं नव्हतं ते केलं. टाकी सुरू करून मूठभर भात मऊ शिजवला.  बुंदी खाताना मी पाणी प्यायलो. झोपायच्या आधी मागच्या पायरीवर बसून सकाळच्या भाकरीचा तुकडा भिजवून तिला भरवला. तिने माझं बोटही चाटून घेतलं. वाटी मात्र मला पालथी घालवेना. तशीच सुलटी राहू दिली.

तरी फडकं उशाशी घेऊनच झोपलो.

पहाटे जाग आली ती आवाजाने. मी ताठ झालो. पुन्हा आवाज. हापसा नव्हता, पण दुसरं काही असेल. रक्त असेल. डॉक्टर तरुण आहेत, चुकल्या असतील. यंत्र चुकलं असेल. मी फडकं घट्ट धरलं आणि पडून राहिलो. मग मला टॉवेल आणून देणाऱ्या पारूबाई आठवल्या, आणि मागच्या पायरीवरची रत्नमाला, आणि मी दिवा न लावताच उठलो.

अंधुक उजेडात बुंदी स्वयंपाकघरात होती. रिकामी वाटी नाकाने ढकलत ढकलत तिने भिंतीपर्यंत नेली होती, आणि पुढे जाता येईना म्हणून ती वाटी भिंतीवर खरवडत होती. मला पाहून तिने शेपटी हलवली. मी दिवा लावून फरशी नीट पाहिली. मग वाकून हाताने चाचपून पाहिली, कोपऱ्यातसुद्धा. कोरडी होती.

उपोसथ संपायला, उजाडायला अजून थोडा वेळ होता. मी टाकी उघडली आणि तिच्यासाठी भात चढवला. ती माझ्या पावलावर बसून वर पातेल्याकडे बघत होती.