एकट्याचा फोटो

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रीतच पडून गेलीया. एकट्या माणसाचा फोटो आला की तो गेला असं धरायचं. खालचं वाचायचं न्हाई, हात जोडायचं आन ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिवून मोकळं व्हायचं. सगळी साठी ओलांडल्याली, कुणाचा ना कुणाचा नंबर लागतोच, त्यामुळं बोटांना सवयच लागलीया.

रसूल म्हंजी कराडला कॉलेजात असताना माझा खोलीतला जोडीदार. पुढं सांगलीत मोटारी दुरुस्तीचं दुकान काढलं, चांगलं चाललं. औंदा किडन्या गेल्या. दवाखान्यात पडल्या पडल्या मला म्हणाला, “लाला, पोरांना एकदा बोलव रं. डोळं भरून बघू दे सगळ्यांस्नी.” पोरं म्हंजी आमीच, टकली आन शुगरवाली.

“नळ्या लावल्याला फोटो टाकू नगंस. कॉलेजातला टाक,” म्हणाला. मी तोच टाकला, केसांचा भांग पाडल्याला. खाली लिवलं, ‘रसूल सांगलीला दवाखान्यात हाय. वाट बघतोय. भेटून जावा.’

पुण्याच्या जयराजनं पैलं हात जोडलं. जयराज ग्रुपचा मालक, त्यानं जोडलं म्हणल्यावर मागनं रांगच लागली. कुणी मेणबत्ती लावली, कुणी ‘मित्रा, लवकर गेलास’ म्हणालं. इस्लामपूरच्या अर्जुनानं तर लांबलचक मजकूर लिवला. रसूल त्याला आपल्या डब्यातलं जेवाय घालायचा, ते सगळं आठवून.

आता रसूलबी त्याच ग्रुपवर! पडल्या पडल्या सगळं वाचत व्हता. मी तावातावानं खुलासा लिवाय घेतला, तर मलाच थांबवलं.

“राहू दे रं. जित्या माणसाला बघाय सवड न्हाई मिळाली. मेल्यावर तरी येत्याल की घरला. अर्जुना तर रडतच यील बघ. लय हळवं हाय ते.”

“आरं येड्या, जित्या माणसाच्या मातीला कोण येतं?”

“तेच तर बघायचंय गड्या,” म्हणून हसला. लय दिसांनी हसला, म्हणून मीबी खुलासा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगून हट्टानं सांगलीतच विश्रामबागला घरी आला. दारासमोर खाट टाकाय लावली. बायकोला, आमच्या हुसेनबी भाभींना, म्हणाला, “चहाचं आधण ठेव, माणसं यायची हायत.” त्या माऊलीनं तोंड फिरवून डोळं पुसलं, पर आधण ठेवलं.

फाटक वाजलं की रसूल मान उचलायचा. दूधवाला यायचा, शेजारची यायची. इस्लामपूर काय लांब हाय? तासाभराची वाट. यायचं ऱ्हाऊ दे, भाभींना फोन करून ‘कसं झालं हो?’ एवढंबी कुणी इचारलं न्हाई. ग्रुपवर मातर फुलांची शुभ सकाळ रोज उगवायची.

माझं डोस्कं फिरलं. “एकेकाला फोन करून शिव्या घालतो बघ,” म्हणलं.

“नगं लाला. शिव्या खाऊन आल्याल्या माणसाला काय बघायचं?” म्हणाला. मग खाट आत घ्या म्हणाला. त्यानंतर त्यानं फोन हातात धरला न्हाई, आन फाटक वाजलं तर मानबी उचलली न्हाई.

पंधरवड्याच्या आतच गेला. सकाळी सद्दामचा, त्याच्या पोराचा, फोन आला. मी गावाकडनं येताना एसटीत बसूनच ग्रुपवर लिवलं, ‘रसूल आज पहाटे गेला. दुपारी माती हाय. या रं.’ वर त्याचा तोच फोटो. माझ्यापाशी त्याचा दुसरा फोटोच नव्हता.

कब्रस्तानात गल्लीतली, दुकानाची, पावण्यारावळ्यांची सगळी माणसं जमली. मी तेवढा फाटकापाशी रस्त्याकडं बघत उभा. मौलवी खोळंबलं.

“चाचा, आणि कोण यायचंय का?” सद्दामनं इचारलं.

“जरा थांब बाळा. तुझ्या अब्बाची कॉलेजातली माणसं यायची हायत.”

तेवढ्यात फोन वाजला. जयराजचा निरोप व्हता. ‘लाला, ही जुनी बातमी आहे. श्रद्धांजली वाहून झाली. पुढे पाठवण्याआधी तारीख बघत जा.’ त्याखाली अर्जुनानं अंगठा दावला व्हता.

लिवाय गेलो, दोन शब्द लिवलं आन तिथंच सोडून दिलं. आन लिवून तरी कुणाला बोलवायचं व्हतं आता?

सद्दाम माझ्या तोंडाकडं बघत उभा व्हता. त्याच्या बापासाठी कॉलेजातलं कुणी येणार न्हाई, असं त्याला कसं सांगायचं?

फोन खिशात घातला आन म्हणलं, “चल बाळा. आली सगळी.”