तीन तासांवरचा मुलगा

अण्णांना सकाळी आठला शस्त्रक्रियेसाठी आत न्यायचं होतं आणि अण्णा हटून बसले होते. "बारक्या समोर दिसल्याशिवाय मी इथून हलणार नाही," असं धाकट्या मुलाचं नाव घेऊन त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. आता दिवस ढकलला तर जिवाची खात्री नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. दोघांच्या मध्ये थोरल्या मुलीचं, ताईचं भरीत होत होतं.

पहाटे परदेशातून बारक्याचा फोन आला होता. "विमानात बसलो गं ताई." त्यावर ताईने अण्णांना छातीठोकपणे सांगितलं, "तीन तासांत इथे हजर!" ते तीन तास केव्हाच उलटून गेले. ताई लिफ्टपाशी जाई, जिन्यात डोकावे, परत येऊन उगाच पांघरूण नीट करी. बारक्याचा फोन बंद.

हा तीन तासांचा आकडा घरात आणला होता ताईनेच. चार वर्षांपूर्वी बारक्या येऊन गेला, तेव्हा त्याचं तिकीट तिने पाहिलं होतं. दहाला सुटतं, एकला पोचतं. कपडे शिवणारी बाई, मापात कधी चुकत नाही. मग कोण शंका घेणार? अण्णांनी तर जन्मभर बस चालवलेली, अंतर मोजायचं ते तासांत. "तीन तास? अगं, एवढ्यात मी एक फेरी मारून चहा प्यायचो! आणि या साहेबाला चार वर्षांत सवड होत नाही?" तेव्हापासून बारक्याचा फोन आला की अण्णा भिंतीकडे तोंड करून पडत. ताई पलीकडे सांगे, "झोपलेत रे."

शेवटी तिने विमानतळावर फोन लावला.

"ते विमान दुपारी एकला उतरेल," चौकशीवरची मुलगी म्हणाली. "नऊ तासांचा प्रवास आहे."

"काहीतरीच काय! दहाला सुटतं ना ते?"

"तिकडच्या दहाला, मॅडम. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार असतात. आणि उतरतं ते इथल्या एकला."

तिकडचं घड्याळ वेगळं चालतं हे ताईला ठाऊक होतं. पण एकाच तिकिटावर दोन गावांची घड्याळं असतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं बोलावं, बारक्या खाली आलाय म्हणावं आणि अण्णांना आत पाठवावं, असंही मनात येऊन गेलं. नर्स ढकलगाडी घेऊन दारात उभीच होती.

"अण्णा, माझं चुकलं," ती म्हणाली. "तीन नाही, नऊ तास लागतात. पहिल्यापासून नऊच. तो दुपारी पोचेल."



"नऊ तास," ते पुटपुटले. "बसून बसून पाठ मोडली असेल पोराची." मग एकदम म्हणाले, "आणि मी चार वर्षं त्याच्याशी धड बोललो नाही गं."

ताईला रडू आवरेना. अण्णांनी नर्सला खूण केली आणि स्वतःच कण्हत गाडीवर सरकले.

"तो आला की मी सांगते त्याला सगळं," ताई डोळे पुसत म्हणाली.

"तू काही सांगू नकोस, बाई. तुझं सांगणं पुरे झालं. मी बाहेर आलो की मीच बोलेन."

गाडी आत गेली. दार लागलं.