मधे उभं राहिलेलं पाणी

मित्रांनो, मी ठकूच्या खोलीतल्या फळीवर बसणारा एक जुना स्पीकर आहे. रंगानं करडा, अंगानं वाटीएवढा आणि एका कडेला पोचा आलेला. पण मी एकटा नाही हं! आम्ही चार भावंडं. एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात, एक बोळात आणि टोकाच्या खोलीत मी. आमच्यात तार नाही. दिवाणखान्यातला वायफायचा डबा हवेतूनच आम्हाला निरोप धाडतो आणि आम्ही चौघं एका सुरात बोलतो. कारखान्यात घडवलं तेव्हापासून आम्हाला एकच धडा: कुणी पुढे पळायचं नाही, कुणी मागे रेंगाळायचं नाही. म्हणून माझा जीव सदा टांगणीला. आता निरोप येईल, मग येईल, आपण चुकणार तर नाही ना?

ठकूची आई परिचारिका आहे. संध्याकाळच्या पाळीवरून ती परतते तेव्हा ठकू झोपलेली असते. म्हणून निघण्याआधी, केस विंचरता विंचरता, ती फोनमध्ये एक गोष्ट बोलून ठेवते आणि बाबांना पाठवते. जेवणं उरकली की बाबा फोनवर ‘सगळ्या खोल्या’ दाबतात. मग ठकू गोष्ट ऐकतच हात धुते, ऐकतच बोळातून येते आणि माझ्याखाली पलंगावर आडवी होते. आईचा आवाज जणू बोट धरून तिला खोलीपर्यंत पोचवतो. त्याच बळावर ती इथे एकटी झोपायला शिकली. घरातली थोरली आत्या म्हणायची, “मजा आहे बाई एका मुलीची! चार खोल्या, चार आया!” तेव्हा माझी ऐट बघायला हवी होती.

मग ठकूचा वाढदिवस झाला आणि घरात माशांची मोठी काचेची पेटी आली. वायफायचा लुकलुकणारा डबा बाबांच्या डोळ्यांत खुपायचा. त्यांनी पेटी बरोबर त्याच्यापुढे मांडली. घर शोभून दिसलं, आणि माझं मात्र बिनसलं.

निरोप तुटक येऊ लागले. दोन शब्द बोलायचो, की घसा बसायचा. बोळात भाऊ सुरेख बोलतोय आणि मी मुका! तळमळायचो, धडपडायचो, पुन्हा दोन शब्द, पुन्हा गप्प.

एका संध्याकाळी ठकू दारातच थबकली. “आई इथे येत नाही,” ती म्हणाली.

“अगं, स्पीकर म्हातारा झालाय,” बाबा म्हणाले.

“नाही. आईला माझी खोली आवडत नाही.” आणि उशी काखेत मारून ती बोळात जाऊन बसली. आई जिथवर येत होती, तिथवर.

मित्रांनो, टपल्या मी खाल्ल्या, बंद-चालू सोसलं, पण हे वाक्य सोसवेना. तिला कसं सांगू, की बाळा, आई निघालीय गं, मलाच ऐकू येत नाहीये!

शेवटी बाबांनी नवा स्पीकर आणायचं ठरवलं. मला भंगारात देण्याचा दिवस रविवार. आई त्याही दिवशी कामावर गेली होती, आणि मी जाण्याआधी एकदा शेवटचं ऐकायचं म्हणून ठकूनं दुपारीच तिची गोष्ट लावायला लावली. तिकडे आत्यानं पेटी धुवायला काढली होती. मासे बादलीत, आणि तपेल्या-तपेल्यानं पाणी बाहेर. इकडे बाबांचा हात माझ्या पिनेवर. मी जिवाच्या आकांतानं कान ताणले, आणि...

“...मग खारूताईनं दार ढकललं आणि ती टुणकन आत आली!”

आईचा आवाज! माझ्यातून, खणखणीत! ठकू धावत आली. बाबांनी पिनेवरचा हात काढला; आज घरात वेगळं एवढंच होतं, की माशांची पेटी रिकामी होती. त्यांनी पेटीत दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं, मी पुन्हा अडखळलो. काढून पाहिलं, पुन्हा बोलता झालो. माझे निरोप वाटेतलं पाणी गिळत होतं!

“बघ!” आत्या पदराला हात पुसत म्हणाली. “माणूस गप्प झाला, तर काय झालं म्हणून विचारतात. तू तर थेट घराबाहेर काढायला निघालास!”

“म्हणजे आई रोज येत होती,” ठकू म्हणाली, “पण मासे आडवे आले!”

पेटी आता खिडकीपाशी आहे. मी माझ्या फळीवर आहे.

मित्रांनो, कुणी अडखळलं, अबोल झालं, तर त्याला निकामी ठरवायची घाई करू नका. आधी बघा, मधे काय उभं आहे.

माझी हुरहूर काही गेली नाही. कान अजून निरोपाकडेच लागलेले असतात. फक्त आईच्या सुट्टीच्या दिवशी त्यांना विसावा मिळतो. त्या दिवशी ती स्वतः पलंगाच्या कडेला बसून गोष्ट सांगते. मी अगदी चिडीचूप असतो, आणि मला कुणी बिघडलेला म्हणत नाही.