भोकांतल्या चिंध्या

मी जिन्यामागची खताची टाकी बोलतेय. खरं तर मी हे सांगायचं नव्हतं. "कुणाला बोलू नकोस हं," असं शिवणकाकूंनी मला बजावलं होतं. पण बाहेर ट्रक येऊन उभा राहिलाय, आता गप्प बसून काय उपयोग?

आधी मी पाणी साठवायची. तळाला चीर गेली आणि अडगळीत पडले. तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या काकूंनी मला बाहेर काढलं, अंगभर भोकं पाडून घेतली. "ही तुझी नाकं," म्हणाल्या. मग दारोदार जाऊन समजावलं, की ओला कचरा गावाबाहेरच्या ढिगात दबून कुजतो, त्यातून हवा तापवणारा वायू निघतो. इथेच मोकळ्या हवेत जिरवला, तर निदान आपला वाटा तरी कमी होईल.

सुरुवातीला सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. कचऱ्यावर मूठभर वाळका पाला टाकायचा, एवढंच काम. तेही हळूहळू काकूंच्याच गळ्यात पडलं. लोक गाठ मारलेल्या पिशव्या लांबूनच भिरकावू लागले. मला वास येऊ लागला.

"काकू, तुमची टाकी रोज आमच्याकडे चहाला येते, न बोलावता," वरचे मास्तर म्हणाले.

"पाला टाकत जा ना, मास्तर."

"पाला आम्ही टाकायचा, तर टाकी तुमची कशी?"

रविवारी सगळे येऊन बघणार होते. वास असला तर टाकी हलवायची, असं ठरलं. तेव्हा काकूंनी शिवणातल्या चिंध्या आणून माझं एकेक भोक बुजवलं. "रविवारपर्यंत कळ काढ. कुणाला बोलू नकोस हं," असं पुटपुटल्या.

वास थांबला, पण बाहेरचाच. आत माझा श्वास कोंडला. सगळं काळं, चिकट झालं आणि जो वायू टाळायला मला इथे ठेवलं, तोच माझ्या पोटात भरला. रविवारी मास्तरांनी झाकण उचललं आणि सगळे नाक दाबून मागे सरले.

"बघा, टाकीच वाईट," मास्तर म्हणाले. काकूंनी पुढे होऊन झाकण लावलं.

नंतर त्यांनी गुपचूप चिंध्या उपसल्या. एक फुलाफुलांची तेवढी तळाशी राहिलीय. आता सगळ्या घरांचा कचरा त्याच ढिगात जाईल, आणि मीही.

काकू दारात उभ्या आहेत, पण माझ्याकडे बघत नाहीत. त्यांना कुणीतरी सांगा, मी रागावलेले नाही. त्या मूठभर पाल्यासाठी आणखी एक जरी हात पुढे—

"ए, ती टाकी आण लवकर. धर तिकडून."

—आला असता, तर मी