एडक्याचं दार

मी एडक्याचं हेल्मेट बोलतोय. माझ्या पाठीवरच्या लाल चांदण्या बघून पोरं हरखतात, पण त्या कशा मिळाल्या ते मला कुणी विचारत नाही. आज त्याचा वाढदिवस आहे, म्हणून न विचारताच सांगतो.

आमच्याकडे अमेरिकेत, नेब्रास्कात, फुटबॉल नावालाच पायाचा खेळ आहे, चालतं ते डोकंच. विलो फोर्कच्या कॉलेजात मी खोक्यातून आलो तेव्हा कोरा करकरीत होतो. लेलँड क्रूगर, एका डुकरंवाल्याचा पोरगा, त्याने मला डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला. त्याची मान एवढी जाड की पट्टा जेमतेम पुरला. समोरच्याला तो असा धडकायचा की महिनाभरात सगळं गाव त्याला एडका म्हणू लागलं.

ज्या धडकेने समोरचा उठायचा नाही, त्या धडकेला कोच हॅलोरन माझ्यावर एक चांदणी चिकटवायचे. "शाब्बास पठ्ठ्या! डोकं घातल्याशिवाय माणूस आडवा होत नाही!" एकदा लेलँड मैदानाच्या कडेला ओकत होता. कोचनी त्याच्यासमोर हात धरला.

"किती बोटं?"

"दोन."

"तीन आहेत. चालतंय, जवळ आलास. जा आत!"

सगळे हसले. लेलँडही हसला. त्या दिवशी त्याला दोन चांदण्या मिळाल्या.

कवटी राखायचं काम माझं, आणि ते मी चोख केलं. पण नारळ फुटला नाही म्हणून आतलं पाणी हललं नाही असं थोडंच असतं? आतली हालचाल मला कळायची. पण सांगायला तोंड नव्हतं.

त्याचा जन्म ऑक्टोबरातला, म्हणजे ऐन हंगामातला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वाढदिवसाच्या सामन्याला मैदानात उतरताना त्याने खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडचं लाकडी दार डोक्याने फोडलं आणि तो सामना आम्ही जिंकलो. झालं, प्रथा पडली. मोठ्या लीगमध्ये तो दोनच हंगाम टिकला, पुढे जन्मभर बियाणं विकलं, पण विलो फोर्कला त्याचं काय? दर वाढदिवसाला मध्यंतरात भोंग्यावरून त्याची जन्मतारीख आणि पराक्रम वाचले जायचे, मग तो मला घालून दार फोडायचा. एका वर्षी तापामुळे तो आला नाही आणि आम्ही सामना हरलो. तेव्हापासून त्याला सुट्टी नाही. दार दरवर्षी नवं बसवायचे. डोकं मात्र तेच.

मग वय झालं तसा तो दूध आणायला म्हणून गेला की मैदानाच्या कुलूपबंद फाटकापाशी गाडीत बसलेला सापडू लागला. बायकोला, मार्जीला, तो आईच्या नावाने हाका मारायचा. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "यापुढे एकही धक्का नको. एकही."

गेल्या वाढदिवसाच्या सकाळी ती त्याच्यासमोर बसली. "लेलँड, यंदा दार नाही. शपथ घे."

"घेतली बाई, घेतली."

"काल पण घेतली होतीस."

"मग दोनदा झाली. जास्त पक्की!"

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. पण गावाचा तिला भरवसा नव्हता. घरी ठेवलं तर तो शोधून काढेल, म्हणून तिने मला घोंगडीत गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकलं. हेल्मेट सापडलं नाही की हा आपोआप खाली बसेल, असा तिचा हिशेब. मलाही तो पटला. खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सुटकेचा निःश्वास टाकला.

सामन्याला मात्र त्याला न्यावंच लागलं, नाहीतर तो एकटाच निघाला असता. गाडी बोगद्याच्या मागेच उभी होती. डिकीच्या अंधारात मला सगळं ऐकू येत होतं. भोंगा म्हणाला, अमुक तारखेला जन्मलेला आपला लाडका एडका! लोक पाय आपटू लागले. मग डेल ओस्ट्रँडरचा आवाज आला. डेल म्हणजे त्याच्या बाजूला खेळणारा जुना जोडीदार.

"काय रे एडक्या, बायकोने वेसण घातली वाटतं?"

"डेल, त्याला चढवू नकोस," मार्जी म्हणाली. "हेल्मेट आणलेलंच नाही आम्ही."

"अरेरे! कुठाय रे तुझं हेल्मेट?"

"घातलंय की," लेलँड म्हणाला.

डेल खो खो हसला. बाकीचेही हसले. एडका पहिल्यापासून थट्टेखोर, असंच त्यांना वाटलं असणार. मी मात्र घोंगडीत गार पडलो. त्याच्या लेखी मी डोक्यावरून कधी उतरलोच नव्हतो. मार्जीलाही ते त्याच क्षणी कळलं, कारण "लेलँड!" ही तिची किंकाळी मी ऐकली. ती पोचायच्या आत त्याची धावती पावलं ऐकू आली.

मग आवाज झाला. तो माझ्या ओळखीचा नव्हता. इतकी वर्षं दार आणि तो, या दोघांच्या मध्ये मी असायचो.

लेलँड जगला. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात त्याच्या खिडकीपाशी मला ठेवलंय. तो बोलत नाही. दिवसभर त्याचा हात हनुवटीखाली चाचपडत असतो, पट्टा सोडवायला. संध्याकाळी मार्जी त्याची बोटं बाजूला करते, हनुवटीखाली हलकेच टिचकी वाजवते आणि म्हणते, "हं, निघालं." मग थोडा वेळ त्याला झोप लागते.

आज डेल केक घेऊन आला. लेलँडकडे त्याला बघवेना, तो माझ्याकडेच बघत बोलत होता. "दार परत बसवलंय, मार्जी. यंदा एडक्याच्या नावाने एक नवा पोरगा फोडणार आहे. हेल्मेट दिलंस तर..."

"चालता हो, डेल."

"बरं बरं. त्या पोराला त्याचं स्वतःचं आहे म्हणा."

खिडकीतून मैदानावरचे दिवे दिसतायत. भोंगा आत्ताच सुरू झाला आणि लेलँडचा हात थांबला. त्या नव्या पोराच्या डोक्यावर बसलेल्या माझ्या भावा, ऐकू येत असेल तर ऐक. आपल्याला मजबूत म्हणून घडवतात, पण तू पहिल्याच धडकेला फूट. दोन तुकडे होऊन पड, सगळ्यांना दिसेल असा. मी फुटलो असतो तर लेलँडला कुणीतरी थांबवलं असतं.