काटीच्या पलीकडचा माणूस

विजयमालाबाईंचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, आणि हात चित्रातही तितकाच बसलेला. म्हणून साथीवर लहान पोरांसाठी चित्रांचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा केंद्रप्रमुखांनी दुसऱ्या कुणाचं नावच घेतलं नाही. पोरांना साथ कळावी, पण पोरं भिऊ नयेत, एवढीच अट. बाईंनी पंधरा दिवसांत बारा पानं काढली. हात धुणारी आजी, मास्क लावलेली म्हैस, खिडकीतून एकमेकींना हात हलवणाऱ्या मैत्रिणी. घोळ झाला तो सातव्या पानावर.

त्या पानावर गावाची वेस होती, वेशीत बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या, आणि काट्यांच्या पलीकडे आजार घेऊन आलेला माणूस. चेहरा काढला तर कुणासारखा तरी दिसायचा, म्हणून बाईंनी चेहरा काढलाच नाही. खांद्यावर घोंगडी टाकली, हातात काठी दिली. झाला परका माणूस. शिकल्यासवरल्या माणसाची गल्लत अशीच असते. चेहरा टाळला की माणूस टळला, असं त्याला वाटतं.

छापायला देण्याआधी बाईंनी पुस्तक पहिलीच्या वर्गात वाचून पाहिलं. म्हशीला पोरं पोट धरून हसली. सातवं पान आलं तशी पुढच्या रांगेतली शिवकन्या उठून जवळ आली आणि तिनं घोंगडीवर बोट ठेवलं.

"बाई, हे आमचे आबा हायत."

"नाही गं. हा असाच कुणीतरी आहे."

"आबाच हायत. ते काटीच्या पल्याड बसले व्हते. आई भाकर फडक्यात बांधून फेकायची." ती जरा थांबली. "पर त्यांला आजार नव्हता, बाई. मग पुस्तकात का काढलंय?"

ती रडत नव्हती की भांडत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि पोरांना गाणं म्हणायला लावलं. 

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. शिवकन्येचे आबा म्हणजे तिचा बाप मल्हार. तो दरवर्षी मेंढरं घेऊन बाहेर चरायला जायचा. पहिल्या टाळेबंदीत तो परतला तेव्हा गावानं त्याला वेशीवरच अडवलं. मेंढरांना मात्र कुणी अडवलं नाही. बाईंचे मालक दत्तराव यांनी ती वेशीबाहेरच्या आपल्या रानात अठरा दिवस बसवून घेतली. रानाला लेंडीखत झालं. खत चालत होतं, माणूस चालत नव्हता.

वेशीवरची 'बाहेरच्यांना प्रवेश बंद' ही पाटी बाईंच्याच मोत्यासारख्या अक्षरातली. आणि त्याच अठरा दिवसांत दत्तराव पूर्णेला मेहुण्याकडच्या साखरपुड्याला चोरून जाऊन आले. ते परतले तेव्हा भरदुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, बाईंनी स्वतःच्या हातानं काटी ओढून त्यांच्या मोटारसायकलला वाट दिली. चार दिवसांनी दत्तरावांना ताप आला, मग तोंडाची चव गेली. गावात पित्त झाल्याचं सांगितलं. पुढं गल्लीतली सहा माणसं अंथरुणाला लागली. दैव बरं म्हणून सगळी उठली. आजार भाकरीच्या फडक्यातून आला, असं म्हणत गावानं बोट दाखवलं ते मल्हारकडे, आणि बाईंनी हूं की चूं केलं नाही. दोन वर्षं सगळं झाकून राहिलं. हात चित्र काढायला लागला तेव्हा त्यानं न विचारता तोच माणूस काढला. बाईंना स्वतःची किळस आली.

घोंगडी खोडून एखादा पॅन्टवाला काढणं सोपं होतं. घरी येऊन त्यांनी तो काढलाही, आणि फाडला. मग दुसऱ्या कागदावर मोटारसायकल काढली. पोरांना उठून दिसावी म्हणून ती लाल केली. काटी ओढणारी एक बाई काढली. या खेपेला चेहराही काढला, स्वतःच्या चष्म्यासकट.

दत्तरावांनी तो कागद पाहिला. "गावात तोंड दाखवायचं हाय का न्हाई आपल्याला?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले.  बाईंना नोकरीची अजून नऊ वर्षं याच गावात काढायची होती.

रविवारी सकाळी त्या दोन्ही कागद घेऊन मल्हारच्या घरी गेल्या. तो अंगणात एका कोकराला औषध पाजत होता. त्याच्या बायकोनं, कडूबाईनं, पोतं झटकून अंथरलं. बाईंनी आधी जुनं पान दाखवलं, मग नवं. "आमचे मालक पूर्णेला" एवढं म्हणून त्यांनी गाडीवर बोट ठेवलं.

मल्हारनं नवं पान हातात घेऊन निरखलं.

"गाडी लाल न्हाई," तो म्हणाला. "काळी व्हती."

त्यानं पान बाईंच्या हातात परत दिलं.

"मी लिंबाखाली बसलो व्हतो. तुमी काटी वढली, मालक आत गेले, तुमी काटी परत लावली. समदं दिसत व्हतं."

"मग बोलला का नाहीत, मल्हारभाऊ? लोक तुमचं नाव घेत होते."

मल्हारनं कोकराचं तोंड पुसलं आणि त्याला खाली सोडलं.

"पोरीला तुमच्याच शाळंत घालायचं व्हतं, बाई."

बाईंनी पिशवीतून काळा खडू काढला आणि तिथंच पोत्यावर बसून त्या गाडी काळी करायला लागल्या. पूर्ण रंगवून झाली तरी त्यांची मान वर आली नाही.